मामाचा गिअर आन माझं तोंड

आमच्या बोटीच्या शेपटीतला आवाज जगात दोनच ठिकाणांहून निघायचा. एक शेपटीतनं, आन दुसरा माझ्या तोंडातनं. पहिल्या आवाजानं पाच-पन्नास माणसं भ्याली. दुसऱ्यानं माझ्या मामाची नोकरी जायला आली.

शेपटी म्हणजे काय ते आधी सांगतो. धरणावर आमची एक पांढरी बोट हाय, वरनं निळं छत, आठ माणसं बसतेत. तिचं इंजिन पोटात, मागल्या बाजूला. त्या इंजिनापासनं एक लोखंडी पाय मागच्या फळीतनं बाहेर येतो आन पाण्यात लोंबतो. पायात गिअर, पायाच्या टोकाला पंखा. कागदावर त्याला स्टर्न ड्राइव्ह असं लिहिलंय. आमच्याकडं मागं जे लोंबतं त्याला शेपटी म्हणतेत, म्हणून शेपटी. चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला एकच दांडा. फुडं लोटला की बोट फुडं, मागं ओढला की मागं, मधी ठेवला की मोकळी. क्लचबिच काही न्हाई.

ही बोट आणली ठेकेदार अण्णानं. अण्णाचं पत्र्याचं आन सिमेंटचं दुकान. त्यो एकदा गोव्याला जाऊन आला. लोक गोव्याहून काजू आणतेत, अण्णानं जुनी बोट आणली. लॉरीवर बोट गावातनं चालली तवा लहान लेकरं मागं पळायली आन म्हातारी माणसं इचारायली की पूर यायचाय काय. बोटीला अण्णानं आपल्या बायकोचं नाव दिलं. ते नाव मी हिथं लिहीत न्हाई. फुडं सगळीकडं ती आवाज करायलीय, गिअर घेईना, असलंच लिहायचंय, आन अण्णाची बायको, आमची अक्का, वाचती.

माझं काम तिकीट फाडायचं, लाइफ जाकीट बांधायचं, आन माईकवर बोलायचं. माईक मला मिळाला त्यो नकलेच्या जोरावर. मी हेडमास्तरची नकल करतो, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची करतो, कन्नड बोलत बोलत मराठीत शिव्या देणाऱ्या बस कंडक्टरची करतो. अण्णाचीबी करतो, पण ती अण्णा दुकानात असला की. लोक बोटीत बसायच्या आधी माझ्यापाशी हसायचे, आन हसत हसत तिकीट घ्यायचे. अण्णाला कळलं की हे पोरगं जाहिरातीच्या बोर्डापेक्षा सवंग पडतंय.

बोट चालवायला ठेवला माझा मामा. मामानं तीस वर्षं जीप चालवली, कमलनगरपासनं आजूबाजूच्या खेड्यांला. मंग सरकारनं बायकांला बस फुकट केली. बायका बसमधी गेल्या, बायकांमागं बाप्ये गेले, जीपमधी मामा आन स्टेपनी तेवढे राहिले. दोन वर्षं त्यो स्टँडवर बसून भरलेल्या बसा बघायचा. अण्णानं त्याला बोलावून इचारलं, मामा, पाण्यावर चालवताव काय. मामा म्हणला, पाण्यावर म्हशी आडव्या येत न्हाईत, कामून न्हाई चालवणार.

मामीनं पांढरी पँट, पांढरा शर्ट इस्त्री केला, अण्णानं वर एक टोपी दिली. सहलीची लेकरं त्याला कॅप्टन म्हणायली. मामा घरी जेवताना पण टोपी काढंना. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला नवीन नाव मिळतं ते असलं.

आता मामाचा हात कसा होता ते सांगायला पायजे, कारण सगळी गोष्ट त्या हातातच हाय. त्याच्या जीपची क्लच प्लेट माझ्या जन्माच्या आधीच गेली असावी. तसल्या जीपमधी गिअर टाकायचा म्हणजे आधी क्लच दोनदा दाबायचा, मंग दांडा लोटायचा न्हाई, नुसता नेऊन सोडायचा. अर्ध्यात थांबायचं. आतनं गिअर काय म्हणतोय ते ऐकायचं. त्यो बरा म्हणला की हळूच आत सारायचं. मामाच्या जीपमधी गिअर कवा पडला ते कुणाला कळायचं न्हाई. मांडीवरचं तान्हं लेकरू उठायचं न्हाई. रस्त्यावरचे बाकीचे डायवर म्हणायचे, गिअर टाकावा तर ह्यानं. त्याच्या आयुष्यात लोकांनी एवढीच एक तारीफ केली, आन ती त्यानं जपून ठेवली.

उद्घाटनाला सगळे मोठे लोक आले. फीत कापली, नारळ फोडला, पंख्याखाली लिंबू ठेवायचं राहिलं म्हणून एकजण पाण्यात उतरला. लिंबू तरंगत निघून गेलं. मोठे लोक बोटीत बसले, फोटोवाल्यानं फोटो धरला, मामानं गिअर टाकला, आन इंजिन बंद पडलं. परत चालू केलं, परत बंद. गारठ्याची सकाळ, इंजिन थंडच होतं. पण मोठ्या माणसांफुडं थंडीचं कारण चालत न्हाई. शेवटी दोन पोरांनी बोट दोरीनं ओढून फोटोपुरती फिरवली. अण्णा दुसऱ्या दिवशी मामाला काय बोलला ते मी ऐकलं न्हाई. एवढंच बघितलं की मामा दुपारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन इंजिनापाशी बसला. त्या दिवसापासनं बोट कधी बंद पडली न्हाई.

पण आठ-दहा दिवसांत आवाज सुरू झाला.

मामानं दांडा फुडं नेला की शेपटीतनं खर्रर्र असा आवाज यायचा, आन शेवटाला धप. एकदा गिअर पडला की बोट गुपचाप चालायची. परत किनाऱ्याला येऊन मागचा गिअर टाकताना परत खर्रर्र. पहिल्यांदा मागच्या बाकावरची एक बाई उभी राहिली आन म्हणली, खाली मगर हाय. मी माईकवर म्हणलो, मगर न्हाई अक्का, आमची बोट दात घासायलीय. सगळे हसले. पण फुडच्या फेरीला चार माणसं उतरली. मंग आठ. नाताळाच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या, शाळांच्या सहली ठरल्या होत्या.

आमच्याकडं कुणाची गाय आटली तर दोन माणसं सल्ला देतेत. बोटीला अख्खा जिल्हा आला. मोटार वाइंडिंग करणारा म्हणला, कॉइल जळलीय. बोटीत तसली कॉइल कुठं हाय इचारल्यावर म्हणला, मंग बसवली न्हाई म्हणूनच आवाज येतोय. बोअरवेलवाला म्हणला, पाण्यात चुना लई हाय, पंख्याला दगड धरलाय. रिटायर मास्तरांनी पाण्याची घनता सांगितली, आन ती सांगून होईपर्यंत चहा आला. खटकचिंचोळीचा एक पाहुणा म्हणला की त्याच्या ट्रॅक्टरला असाच आवाज होता. काय केलं इचारलं तर म्हणला, इकला. एवढ्या सल्ल्यांतनं शेपटीला हात लावून कुणी बघितलं न्हाई, कारण शेपटी पाण्यात होती आन सल्ला कोरड्यावर.

इंजिन बसवून देणारा उस्ताद हैदराबादचा. अण्णानं त्याला फोन लावला. त्यो म्हणला, आवाजाचा व्हिडिओ पाठवा. आमी व्हिडिओ काढला. त्यात आवाज सोडून सगळं ऐकू येत होतं. एकजण म्हणत होता गिअर गेला, दुसरा म्हणत होता तुला काय कळतंय, तिसरा म्हणत होता व्हिडिओ आडवा धर, मागं कुणीतरी कणसं इकायला होता. दुसरा व्हिडिओ काढला, सगळ्यांला गप बसा म्हणून सांगितलं. त्यात शेवटपर्यंत मीच ओरडायला होतो, गप बसा म्हणून. उस्तादानं परत फोन केला आन म्हणला, ऐसा करो, कोई मुँह से बताओ, कैसा आ रा आवाज.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. असला मान नकलाकाराला रोज मिळत न्हाई. इंजिनाच्या डॉक्टरला आजार तोंडानं सांगायचा, आन सांगणार मी. अण्णानं फोन स्पीकरवर टाकून माझ्या तोंडाफुडं धरला, जसा मंत्र्याफुडं माईक धरतेत. किनाऱ्यावर तीस-चाळीस माणसं असतील.

मी पहिल्यांदा जसा आवाज होता तसाच काढला. खर्रर्र, धप. कुणी हसलं न्हाई. मागनं एकजण म्हणला, येवढाच व्हय. उस्ताद म्हणला, फिर से. मंग मला काय झालं काय माहीत. मी दुसऱ्यांदा खर्रर्र लांबवला. लोक हसायले. तिसऱ्यांदा मधी कट्-कट्-कट् टाकलं, हाडं मोडल्यासारखं. एक बाई फोन काढून म्हणली, परत कर की रे. मी परत केला, आन ह्या बारीला शेवटाला धप काढून त्या जागी ठण्ण बसवला, देवळातली घंटा पडल्यासारखा, वर थोडा घुमारापण दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंग उस्ताद हळू आवाजात म्हणला, "दाँत गए मियाँ. गिअर के दाँत टूट गए. चलाओ नक्को. टाँग उतारके हैदराबाद भेजो."

टाळ्या थांबल्या. अण्णानं फोन ठेवला आन मामाकडं बघितलं. मामा बोटीतच बसून होता, हात दांड्यावर.

अण्णा माणूस वाईट न्हाई, पण त्याला एक मेहुणा हाय. मेहुण्यानं उदगीरला कसला तरी कोर्स केलेला, आन तवापासनं गॉगल काढलेला न्हाई. अण्णा लोकांफुडंच मामाला म्हणला की गाडीचे दात असे आपोआप पडत न्हाईत, चालवणाऱ्यानं पाडले तरच पडतेत. शेपटी हैदराबादेहून दुरुस्त होऊन आली की ऐतवारपासनं मेहुणा चालवील. मामानं घरी आराम करावा. मेहुणा तिथंच उभा होता. त्यानं मामाच्या टोपीकडं असं बघितलं, जणू तिचं माप घ्यायलाय.

मामानं टोपी काढून खिशात कोंबली. घरी मामीनं काय झालं इचारलं, तर म्हणला डोकं तापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटी उतरवायला ट्रॅक्टर लावून बोट गाड्यावर बाहेर ओढायची होती. मी आलो तर मामा आधीच येऊन किनाऱ्यावर बसलेला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोकं बोडकं. मी शेजारी बसलो. त्याला हसवावं म्हणून अण्णाच्या मेहुण्याची नकल केली, गॉगल घालून मासा शोधायलाय असली. मामा हसला न्हाई. पाण्याकडं बघत म्हणला, "त्यो शेवटचा ठण्ण तू कुठनं आणलास रे?"

मी म्हणलो, "लोक हसायले होते, मामा."

"मला तर त्यो कदी ऐकूच आला न्हाई. रातभर इचार केला. म्हणलं, तीस वर्षं जीपमधी बसून कान गेला आसंल. गिअर तुटला तरी कळना झालं."

आतापर्यंत माझ्या नकलेवर मास्तरांनी मला मारलंय, कंडक्टरनं बसमधनं उतरवलंय, अक्कानं चप्पल फेकलीय. त्यातलं काही लागलं न्हाई. हे लागलं. मी उठलो, अण्णाकडनं उस्तादाचा नंबर घेतला, आन पाण्याच्या टाकीमागं जाऊन फोन लावला. सगळं सांगितलं. कट्-कट् माझा, ठण्ण माझा, घुमारा पण माझाच.

उस्तादानं मला शिव्या दिल्या त्या दख्खनी असल्यामुळं ऐकायला गोड होत्या. मंग म्हणला, "पेट दुख रा था, तू हार्ट अटैक करके बताया क्या रे?" मी हौ म्हणलो. त्यो म्हणला, आता जेवढा हाय तेवढाच काढ. एक दाणा जास्ती नक्को.

टाकीमागं कुणीच नव्हतं, एक शेळी होती. कुणी बघत नसताना नकल करायची म्हणजे जेवणात मीठ नसल्यासारखं. मी डोळे मिटून काढला. खर्रर्र, धप. उस्तादानं प्रश्न इचारले. आवाज गिअर टाकतानाच येतो का चालतानाबी. टाकतानाच. बोट वळवताना. न्हाई. फुडच्या गिअरला का मागच्या. दोन्हीला. आन खर्रर्र किती वेळ चालतो. मी इचार करून म्हणलो, मामा दांडा सारत असतोय तेवढा वेळ.

ह्याच्यावर उस्ताद हम्म म्हणला. म्हणला, टाँग अभी उतारो नक्को. बोट बाहेर येतेच हाय, तर मी सांगतो तसं बघत जावा. आन माझ्याकडनं कबूल करून घेतलं की आजच्या दिवस मी विनोद करणार न्हाई. दिवसभराचा उपास करतेत, तसं मी कबूल केलं.

ट्रॅक्टरनं बोट बाहेर आली. परत तीच तीस-चाळीस माणसं जमली, वर कालची बाई बहिणीला घेऊन आली होती. मी अण्णाला म्हणलो की कालचा आवाज खोटा होता, त्यात मी मसाला टाकला होता. अण्णा म्हणला, मंग काल टाळ्या कामून वाजवल्या लोकांनी. पण उस्ताद फोनवर होता, आन हैदराबादचा माणूस फोनवर असला की अण्णा जरा नरम पडतो, कन्नड कमी आन हिंदी जास्ती होतो.

उस्तादानं पहिलं सांगितलं, शेपटीच्या बुडाचा स्क्रू थोडा सैल करून तेल बघायचं. दात तुटले असतील तर तेलात लोखंडाची चमक येती. पाणी शिरलं असंल तर तेल दुधासारखं होतं. मामानं खिशातला इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला आन त्याच्यावर तेल धरलं. आमी सगळे रुमालावर वाकलो, नवीन बाळ बघतेत तसे. तेल साधं तेल होतं. अण्णा म्हणला, हे बघा चमकायलंय. मामानं रुमाल सावलीत नेला. चमक उन्हाची होती, उन्हातच राहिली. मेहुण्यानं पहिल्यांदा गॉगल काढून बघितलं आन परत घातला.

मंग दांड्यापासनं शेपटीपर्यंत जी केबल जाती ती सोडून बघितली. केबल आत गंजली तरी गिअर अडतो. ती लोण्यासारखी सरकत होती. मंग उस्ताद म्हणला, इंजिन बंदच राहू दे, एकानं पंखा हातानं सावकाश फिरवायचा आन दुसऱ्यानं शेपटीपाशी गिअर टाकायचा. पंखा मी फिरवला, गिअर ट्रॅक्टरवाल्यानं टाकला. टक. परत टाकला, परत टक. सुपारी फोडल्यासारखा, एकच. खर्रर्र न्हाई, कट्-कट् न्हाई.

अण्णाला आता घाई झाली. त्यो बोटीत चढला आन हिथंच इंजिन चालू करून बघू म्हणला. फोनमधनं उस्ताद असा वरडला की शेळी पळाली. बोटीचं इंजिन धरणाचंच पाणी वढून थंड राहतं. कोरड्यावर चालू केलं तर पंप जळून जाईल, मंग खरंच हैदराबादला पाठवायला लागंल, टाँग न्हाई, सगळी बोट. अण्णा उतरला. म्हणला, मी फक्त चावी बघत होतो.

बोट परत पाण्यात ढकलली, मामानं इंजिन चालू केलं, मी शेजारी फोन धरून उभा. उस्तादानं इचारलं, मोकळ्यावर आरपीएमचा काटा किती दाखवायलाय. मी बघितलं, हजाराच्या बी वर. उस्ताद म्हणला, सहाशे-सातशेवर पायजे. ये किसने बढ़ाया.

मी मामाकडं बघितलं. मामानं इंजिनाकडं बघितलं.

"मी वाढवला," मामा म्हणला. "थंडीत बंद पडायला होतं. जीपला आमी आसंच करतो. स्लो वाढवला की बंद पडत न्हाई."

मामाच्या वयाचा कुठलाबी जीपवाला हेच करील. सकाळी स्टँडवर गाडी बंद पडली तर फुडचा जीपवाला सवाऱ्या पळवतो, म्हणून स्क्रू पिळून इंजिन कायम जोरात ठेवायचं. मंग उस्तादानं इचारलं, ये गिअर कौन डालता, और पहले क्या चलाता था. मी म्हणलो मामा, जीप. तिकडनं त्यो असा हसला की फोन माझ्या हातात हलला.

मंग त्यानं समजावून सांगितलं, आन आमी सगळ्यांनी ऐकलं. शेपटीतल्या गिअरला जीपसारखा मऊ आत शिरायचा रस्ता न्हाई. आत दोन लोखंडी पंजे समोरासमोर असतेत. एक इंजिनासंगं फिरतो, दुसरा पंख्याचा. झटक्यात मिळवले की एकमेकांत बोटं अडकवून टक म्हणतेत. हळू हळू नेले की एकमेकांच्या नखावर नखं घासत बसतेत, त्यात इंजिन जोरात असलं तर जास्तीच. त्यो खर्रर्र त्याचा. अजून काही तुटलं न्हाई. पण असंच गोंजारत राहिलात तर दोन महिन्यांत पोरगा काल बोलला ते खरं होईल. इलाज दोनच. स्लो कमी करा, सकाळी इंजिन पाच मिनिटं तापू द्या. आन गिअर मारायचा. सारायचा नक्को, मारायचा.

मामानं स्क्रू फिरवून काटा खाली आणला. ते सोपं होतं. मंग दांड्यावर हात ठेवला.

आतापर्यंत तीस वर्षं ज्या हाताची तारीफ झाली, त्याला आता सांगायचं की तूच बिघाड करायलास. हात ऐकंल कसा. मामानं दांडा नेला, अर्ध्यात थांबला, ऐकायला लागला. खर्रर्र. आवाज कमी झाला होता, पण होता. किनाऱ्यावरनं अण्णा म्हणला, बघा. मेहुणा एक पाऊल फुडं आला. मामानं मोकळं करून परत टाकला. ह्या बारीला त्यो थांबणार न्हाई असं त्यानं ठरवलेलं मला दिसलं, पण ऐन वक्ताला मनगट मऊ पडलं. खर्रर्र.

"हात ऐकंना रे," मामा बारीक आवाजात म्हणला. "त्याला वाटायलंय मागं कुणाचं तरी लेकरू झोपलंय."

मला काय सुचलं काय माहीत. मी म्हणलो, मामा, तुमी आतलं ऐकू नका. माझं ऐका. मी आवाज काढतो, आवाज झाला की दांडा तिथं पोचलेला पायजे. आन मी त्याच्या कानापाशी वाकून काढला. टक. मसाला न्हाई, घुमारा न्हाई, मघाशी बाहेर पंखा फिरवताना ऐकला होता तेवढाच. पहिल्या बारीला हात मागं राहिला. दुसऱ्या बारीला माझा टक आन शेपटीचा टक एकाच वेळेला निघाला. मामा दचकला. बोट एकदम फुडं सुटली, आन दोरी सोडायची राहिली होती म्हणून तिच्या हिसक्यानं काठावरच्या अण्णाचा चहाचा कप पाण्यात गेला.

मामानं मागचा गिअर टाकला. टक. फुडचा. टक. फोनमधनं उस्ताद म्हणला, "हौ, ये. अब इसको बोलो, बोट को बीवी का हाथ नै, दुश्मन का हाथ समझके पकड़ना." अण्णा काठावर उभा राहून लोकांना सांगायला लागला की मी तर पहिल्या दिवसापासनंच म्हणत होतो, स्लोचाच फॉल्ट हाय. रिटायर मास्तर म्हणले की घनतेचाबी थोडा संबंध हायच. मेहुण्याला अण्णानं लाइफ जाकिटांचा ढीग दाखवला आन मोजून घे म्हणला, जसं त्यासाठीच त्याला बोलावलं होतं. कालची बाई बहिणीला म्हणली, काल लई भारी होतं, आज काहीच न्हाई.

मामाला कुणी सॉरी म्हणलं न्हाई. आमच्याकडं तसली पद्धत न्हाई. अण्णा एवढंच म्हणला की ऐतवारी सकाळी हुलसूरच्या शाळेची सहल हाय, येळेवर या.

ऐतवारी मी मामाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मेहुण्यानं चाळीस लेकरांला जाकिटं बांधली होती, त्यातल्या निम्म्यांला उलटी. पहिली सात लेकरं आन त्यांची बाई बसली. इंजिन पाच मिनिटं तापलं, काटा सातशेवर. मी मामाच्या कानापाशी वाकलो, तोंड तयार केलं.

"गप बस," मामा फुडं बघतच म्हणला. "माझं मी टाकतो."

हात हळूच दांड्यावर गेला, जीपच्या दांड्यावर जायचा तसाच. मंग टक. बोट एक झटका देऊन निघाली, लेकरं वरडली, बाईनं पर्स छातीशी धरली.

मामा मागं वळला, टोपीला हात लावला, आन बाईला म्हणला की माफ करा अक्का, हिला आसंच टाकावं लागतंय.